जी मालगाडी पडली नाही, तिचा हिशोब कुठाय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मालगाड्यांच्या अपघातावरचा कालचा लेख दोनदा वाचला. आलेख छान आहेत, रंगीत आहेत. पण लिहिणाऱ्यानं जानेवारीत पहाटे कधी रुळावर पाय ठेवला का, तेवढं विचारून सांगा.

धोक्याचे घटक म्हणून लोड, स्पीड, डब्याचं वय सगळं मोजलं, पण मोजलं कशातून तर जे पडलं त्यातूनच. 23 ऑक्टोबर 2022 ला आमच्याकडच्या मालखेड-टिमटाळा स्टेशनांच्या मधात कोळशाचे 20 डबे घसरले, ते आकड्यात आलं, बरोबर आहे. पण जी गाडी पडलीच नाही तिचं काय? मी रिटायर कीमॅन, म्हणजे रोज पायी फिरून रूळ तपासणारा. एका थंडीत बीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या रुळावर, वेल्ड (रुळाचा सांधा) तुटलेला सापडला, रूळ आकसून बोटभर फट पडलेली, अन् कोळशाची लोड गाडी यायच्या बेतात. धावत जाऊन फटीपासून 600 मीटरवर लाल बॅनर लावला, अन् फटीपासूनच 1200 मीटरवर दहा-दहा मीटर सोडून रुळावर तीन फटाके बांधले, चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला धोका कळतो, छाती फुटायची बाकी होती. गाडी थांबली. मग तुटलेल्या सांध्याला जॉगल पट्टी (आधाराची लोखंडी पट्टी) लावून, क्लॅम्प कसून गाड्या हळूहळू काढल्या. हे तुमच्या कोणत्या रकान्यात बसते? शाबासकी तर सोडाच, साहेबानं पहिलं विचारलं, गाडी किती लेट झाली?

आणि लेखात मानवी चूक म्हटलं की एक तर ड्रायव्हर नाही तर आमच्यासारखा, लिहायला सोपं पडते ना. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं 2017 ते 2021 मधले रुळावरून गाडी उतरल्याचे 1129 चौकशी अहवाल तपासले, त्यातले 422 इंजिनिअरिंग खात्याच्या माथी आले, अन् त्यातही सगळ्यात जास्त, 171, रुळाच्या देखभालीचे. आता देखभाल आलेख करतात का? रुळावर राबणारी गँगमधली माणसं करतात, अन् किती जागा रिकाम्या पडून आहेत हा घटक काहून नाही घेतला? एक्सल लोड, म्हणजे चाकांच्या एका जोडीवरचं वजन, 20.32 टनावरून 22.9 वर नेला, तो मात्र घेतला म्हणा, उपकार झाले.

जाता जाता, आमच्या स्टेशनवरचा कोरोनात बंद केलेला पॅसेंजरचा थांबा अजून सुरू नाही. मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तासभर उभी राहू शकते, पॅसेंजरला एक मिनिट जड जाते. तालुक्याला जायचं तर ऑटोवाला माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, त्याचा एक्सल लोड कोण मोजते? यावर कधी लेख येणार तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त कीमॅन
ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती