पाऊणशे वयाचा नवरा चालतो, सायकल स्टँड चालत नाही

प्रति,
संपादक महोदय,

डिसेंबरात स्नेहसंमेलनांची धांदल सुरू झाली की आपल्या पानावर शाळांचे फोटो झळकू लागतात. फोटोत न येणारी एक गोष्ट कळवावीशी वाटली, म्हणून हे पत्र. मी सांगली परिसरातल्या मुलींच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते आणि गेली काही वर्षं वर्गाचं नाटकही बसवते.

यंदा माझ्याच एका माजी विद्यार्थिनीनं लिहिलेली चाळीस मिनिटांची एकांकिका मी निवडली. शाळा सुटलीय, पाऊस लागलाय आणि चार मुली सायकल स्टँडच्या पत्र्याखाली अडकल्यात. एकीला दहावीनंतर बघायला येणार आहेत. एकीचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरून गावभर फिरलाय. तिसरीला घरी जायचंच नाहीये, पण का ते ती शेवटपर्यंत सांगत नाही. सायकलची चेन बसवत राहते, बसली की पुन्हा काढते. चौथी सगळ्यांना हसवते. पाऊस थांबतो, मुली निघून जातात, पडदा पडतो.

पहिल्या वाचनाला वर्गात खिदळणं असतंच. त्या दिवशीही होतं. चेनचा प्रवेश आला तेव्हा वाचणाऱ्या मुलीनं कंपासपेटीतली पट्टी काढली आणि बाकाच्या फटीत घालायला, काढायला लागली. मी काहीही सांगितलं नव्हतं. मागच्या बाकावरचं खिदळणं आपोआप थांबलं. नाटक हेच करायचं, हे माझं तिथंच ठरलं.

कार्यक्रम समितीनं मात्र संहिता परत केली. ‘पाळी’ हा शब्द दोनदा येतो. शेवटी काही बोध नाही. मुली नुसत्या बोलत बसतात, घडत काहीच नाही. आणि नेहमीचं, पालक काय म्हणतील? त्याऐवजी काहीतरी चांगलं, आपल्या मातीतलं करा, असं सुचवलं गेलं. म्हणजे काय, तर ‘संगीत शारदा’मधला एक प्रवेश. नाटककार देवल इथले, हरिपूरचे, त्यामुळे औचित्यही साधेल.

मला हसू आवरेना. ‘शारदा’ मला फार आवडतं. देवलांच्या सात नाटकांतलं हेच एक संपूर्ण स्वतंत्र, १८९९ सालचं. पण त्यात आहे काय? पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी पोर पंचाहत्तरीच्या थेरड्याला द्यायला निघतो. मैत्रिणी जमून त्या नवऱ्याच्या वयाची टिंगल करतात. भर मांडवात सगोत्र निघाल्यामुळे लग्न मोडतं, आणि आता आपलं पुढे काय, या विचारानं पोर नदीवर जीव द्यायला जाते. सायकल स्टँडखालच्या चौघींवर याहून वाईट काही गुदरत नाही. मग अडतं कुठे? शारदेला नऊवारी आहे, गाणी आहेत आणि मधे सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. माझ्या मुली शाळेच्याच गणवेशात उभ्या राहणार होत्या.

तो विषय आता इतिहासजमा झाला, असंही एक सर म्हणाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. (जाता जाता: बालविवाह रोखणारा १९२९ चा ‘शारदा कायदा’ हरबिलास सारडा यांच्या नावाचा. मराठी माणसाला मात्र तो देवलांच्या शारदेचाच वाटत आलाय.)

आणि ‘नुसत्या बोलत बसतात’ म्हणाल, तर शारदेच्या मैत्रिणी तरी दुसरं काय करतात? देवलांचं मोठेपण तिथंच आहे. पदं बाजूला ठेवून नुसते संवाद वाचा, पोरी घरात बोलतात तशाच बोलतात.

एक आक्षेप मात्र मला रास्त वाटला, आणि तो समितीबाहेरच्या एका सहकारी बाईंचा. त्यांनी विचारलं, “जिच्या घरात हे खरंच चाललंय, तिच्याच वाट्याला ते काम आलं तर?” अशा नाटकात खरी जोखीम ही आहे. पौराणिक नाटकात मुलगी मुकुटामागे लपू शकते, इथं तिला आडोसा नाही. म्हणून मी ठरवलं होतं की कुणालाही तिच्या घराजवळची भूमिका द्यायची नाही, कारण न विचारता ‘मला हे नको’ म्हणायची मुभा द्यायची, आणि पात्रांची नावं वर्गातल्या एकीशीही जुळू द्यायची नाहीत. तालीम संपली की दहा मिनिटं भडंग खात गोल बसायचं आणि एकमेकींना खऱ्या नावानं हाका मारायच्या. समितीनं यातलं काही विचारलं असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं. त्यांचं बोट मात्र ‘पाळी’वरून हलेना. मुख्य पाहुणी बाई, अध्यक्षही बाईच, आणि तरी!

एकांकिका-नाटकांच्या स्पर्धांची रेलचेल असलेल्या या नाट्यपंढरीत शाळांना एवढं तरी सुचवावं, की संहिता नाकारायच्या आधी ती एकदा मुलींच्या तोंडून ऐका. आमच्या समितीनं ती घरी नेऊन वाचली, तालमीला कुणी फिरकलं नाही.

यंदा आम्ही ‘शारदा’चाच प्रवेश बसवतो आहोत. परवा भूमिका वाटल्या. टिंगल करणाऱ्या वल्लरीच्या कामासाठी सात हात वर आले. शारदेसाठी एकही नाही. शेवटी पट्टीवाली मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, मी करते. पण ती पुढे नदीवर जाते, ते आपल्या प्रवेशात आहे का?”

नाही म्हटलं. ते आपण गाळलंय.

आपली,
एक मराठीची शिक्षिका, सांगली