फासे, फॉल्ट आणि हबल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायच्या भूमिकाखेळांना ‘सुट्टीतलं पोरांचं खूळ’ म्हटलंय, म्हणून हे पत्र. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि त्याच रविवारी सकाळी दहापासून ताटं वाढेपर्यंत ते खूळ खेळत होतो.

सूत्रधार माझी नात. नासाने मार्च 2024 मध्ये अवकाशातल्या हबल दुर्बिणीवरचा असा एक खेळ फुकट दिला होता. त्यात दुर्बीण नाहीशी होते, ड्रॅगन असतो. नातीला ड्रॅगन नको होता, तिने आपला वेगळाच डाव रचला. आम्ही चौघे हबलच्या संगणकात शिरलेले दुरुस्तीवाले. बिघाड मात्र खराखुरा घडलेला. 13 जून 2021 रोजी दुर्बिणीवरची वैज्ञानिक उपकरणं सांभाळणारा संगणक थांबला. त्याची घडण 1980 च्या दशकातली. वर जाऊन पेटी उघडायची सोय नाही, कारण अमेरिकेची स्पेस शटल 2011 मध्येच बंद झाली.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक एक्सचेंजच्या खडखडाटात. त्यामुळे हा डाव मला परका वाटलाच नाही. संगणकात मेमरीची चार कोठारं, एक वापरात, तीन राखीव. पोरं पहिल्याच फटक्यात मेमरीवर तुटून पडली. (नासालाही आधी तोच संशय आला होता.) दुसरं कोठार उघडलं, तरी बिघाड तोच. नातवाला वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस पडले, पण जिथे फॉल्टच नाही तिथे एकोणीस काय करणार? मी म्हटलं, दोन कार्डं एकसारखीच रडत असतील तर कार्डं सोडा, सप्लाय बघा.

सप्लायच्या चौकीत नातीने एक पहारेकरी बसवला होता. पाच व्होल्टचा पुरवठा मर्यादेबाहेर गेला की संगणकाला ‘थांब’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम. आता पुरवठा खरंच बिघडलाय, की पहारेकरीच म्हातारा होऊन उगाच ओरडतोय? यावर आमची पाऊण तास जुंपली. नासानेही तेव्हा हेच दोन पर्याय मांडले होते. त्यांनी वाद मिटवत न बसता 15 जुलैला अख्खी राखीव बाजूच (संगणक आणि सप्लायचा दुसरा संच) जोडली आणि दोन दिवसांत दुर्बीण कामाला लागली. आम्हीही शेवटी तेच केलं, फक्त आमच्या सूनबाईंनी जेवायला तीनदा हाका मारल्यावर.

त्या महिन्यात नासाने निवृत्त झालेल्या जुन्या माणसांनाही मदतीला घेतलं होतं, दशकांपूर्वीचे कागद चाळले होते. म्हणून नातीने मला पात्र दिलं ते निवृत्त इंजिनिअरचं. त्याची खास शक्ती एकच, ‘जुना डायग्राम आठवणे’. दर डावात दोनदाच वापरायची. मी चारदा वापरली, कुणी हटकलं नाही.

ज्येष्ठांच्या पानावर आपण वर्षानुवर्षं सुडोकू छापता. कधी त्याच जागेत असा एखादा फॉल्ट छापून बघा. यंत्र कोणतं, काय बंद पडलंय आणि हाताशी काय आहे एवढंच द्या, उत्तर पुढच्या रविवारी.

आमचा पुढचा डाव आषाढी झाल्यावर आहे. या खेपेला हबलचे जायरो (दुर्बीण नेमकी रोखून धरायला मदत करणारी यंत्रं) एकेक करून मान टाकणार आहेत, असं कानावर आलंय.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, मिरज