दुप्पट झाडे लावली तरी कणकुंबीचे जंगल परत येणार नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलातून रस्ता रुंद होणार, वीजवाहिनी जाणार किंवा पाण्यासाठी खोदाई होणार अशी बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेलेच असते: जेवढी झाडे तुटतील त्याहून अधिक झाडे लावली जातील. कायद्यातही भरपाई वनीकरणाची सोय आहे. उजाड वनजमिनीवर लागवड करायची असेल, तर ती दुप्पट क्षेत्रावर करावी लागते. वाचणाऱ्याला वाटते, चला, हिशेब चुकता झाला. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते आणि हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. झाडे मोजता येतात म्हणून आपण तेवढीच मोजतो. ती ज्यांच्या जिवावर उभी आहेत तो पाऊस, ती माती, सावली, ओल आणि दगड यांची नोंद कोणीच घेत नाही.

शाळेत मुले दोन रकाने आखतात. एकीकडे जैविक घटक: झाडे, प्राणी, बुरशी, जिवाणू. दुसरीकडे अजैविक: ऊन, पाणी, हवा, तापमान, माती. रकाने भरले की गुण मिळतात आणि धडा संपतो. खरे तर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली, ती हवामान आणि माती यांना सजीवांपासून वेगळे काढता येत नाही हेच सांगण्यासाठी. आपण मात्र मुलांना वेगळे काढायलाच शिकवतो, आणि पुढे तीच मुले मोठी होऊन प्रकल्पांचे अहवाल लिहितात.

आधी पाऊस बघा. बेळगाव शहरात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला अथणी, रायबागकडे तो पाच-सहाशेवर येतो. उलट पश्चिमेला जांबोटीवरून घाटमाथ्यावरच्या कणकुंबी गावाकडे निघालात की तासाभरात तुम्ही बेळगावच्या दुपटीहून अधिक पावसाच्या मुलखात पोहोचता. एकाच जिल्ह्यात इतका फरक आहे. तेव्हा कणकुंबीच्या झाडाची भरपाई पूर्वेकडच्या माळावर रोप लावून करता येत नाही, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागू नये.

आपले जंगल म्हणजे ॲमेझॉन नव्हे, हेही मान्य करायला हवे. तिथे पाऊस बाराही महिने थोडाफार असतो, इथे चार महिने कोसळतो आणि नंतर बराच काळ आभाळ कोरडे. म्हणून खरे सदाहरित रान घाटमाथ्याच्या कडेला आणि ओहोळांच्या खोल दऱ्यांत टिकून आहे, बाकी निमसदाहरित आणि पानझडी. चैत्र-वैशाखात ही झाडे हिरवी राहतात ती दरीतल्या सावलीवर, सकाळच्या धुक्यावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर. वरचे छत्र एकदा फाटले की ऊन थेट तळाला पोहोचते, ओल उडते, आणि ज्यांना कुऱ्हाडही लागलेली नाही अशी शेजारची झाडेही पुढच्या उन्हाळ्यात वाळू लागतात. तोडलेल्या झाडांच्या यादीत ती कुठेच नसतात.

माती तर त्याहून नाजूक. घाटरस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे, तिथे गाडी थांबवून ती कड नीट बघा. वर चार बोटे काळसर थर, त्यात केसांसारख्या मुळ्यांची दाट जाळी. त्याखाली थेट तांबडा जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने या जमिनीतली पोषकद्रव्ये धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची संयुगे राहिली, त्यांचाच हा जांभा. मग अशा भिकार जमिनीवर एवढे दाट रान कसे? कारण जंगलाची पुंजी जमिनीत नाही, ती सजीवांच्या अंगात आहे. पान गळते, उष्णता आणि ओल यांमुळे भराभर कुजते, बुरशीचे पांढरे धागे आणि त्या बारीक मुळ्या त्यातला कस पावसाने वाहून नेण्याआधी उचलतात, आणि तो पुन्हा पानात जातो. झाड तोडून लाकूड ट्रकमधून गेले, वरचा थर जेसीबीने खरवडला, की ती पुंजीही गेली. उरतो तो जांभा. त्यावर रोप लावून जून-जुलैत फोटो काढता येतो, जंगल मात्र उभे राहत नाही.

याचा पुरावा दर पावसाळ्यात आपल्या बाजारात येतो. रस्त्याकडेला पानावर वाटे लावून आपल्या बायाबापड्या रानातली अळंबी विकायला बसतात. ही वारुळावर उगवणारी अळंबी धिंगरीसारखी पेंढ्यावर वाढवता येत नाही. वाळवी कुजका पाला आणि लाकूड खाते, वारुळाच्या पोटात त्याचे मऊ पोळे रचते आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते. पहिल्या पावसांनी माती पुरेशी भिजली आणि हवेत दमटपणा आला की तीच बुरशी जमीन फोडून छत्र्या वर काढते. पाला, वाळवी, बुरशी, माती, पाऊस, उष्णता यांतले एकही कमी पडले तर त्या वर्षी टोपली रिकामी. अळंबी काढणाऱ्या बायकांना कोणते वारूळ कोणत्या नक्षत्रात फुटते ते ठाऊक असते. पर्यावरणाचा अहवाल लिहिणाऱ्याने एक दिवस त्यांच्याबरोबर फिरावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

उलट रस्त्याच्या दोन्ही कडांना काय दिसते? रानमोडी. भरपूर ऊन मिळाले की ही परदेशी झुडपे आधी घुसतात, आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होतात. दाट जंगलाच्या तळाशी जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोहोचतो, तिथे त्यांचा निभाव लागत नाही. भरपाईच्या नावाखाली अनेकदा लावतात ती अकेशिया. ती लवकर वाढते, जगण्याचे प्रमाण कागदावर चांगले दिसते. पण तिचा चिवट पाला लवकर कुजत नाही, खाली थर साचत राहतो आणि इथल्या रोपांना डोके वर काढू देत नाही. ही हिरवाई दुरून छान दिसते, एवढेच.

काही गोष्टींना तर वेळच लागतो. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिलू मोठे होईपर्यंत नर उंबर-नांदरुकीची फळे आणून तिला फटीतून भरवतो. एवढी ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते. यंदा लावलेल्या रोपात ती आपल्या नातवंडांनाही दिसेल की नाही, शंका आहे. आणि दगडाची भरपाई कशी करणार? आपल्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमध्ये १९१२ मध्ये राॅटनचे वटवाघूळ प्रथम सापडले. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. त्याला ती गुहा हवी, तिच्यातला अंधार, दमटपणा आणि गारवा हवा. गुहा लावता येत नाही. २०११ मध्ये भीमगडचे सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले याचा मला अभिमान आहे, पण ओहोळ आणि ओल अभयारण्याची हद्द पाळत नाहीत.

पाण्याच्या वादात मी शिरत नाही. म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला कळसा ओहोळातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिले, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. मला एवढेच विचारायचे आहे, की पावसाळा सरल्यावरही हे ओहोळ वाहतात ते कोणामुळे? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, देगावची म्हादई पश्चिमेला, आणि दोघींचे पाणी याच पालापाचोळ्यातून, याच जांभ्यातून मुरून येते. मलप्रभेवरचे नविलुतीर्थ धरण आणि त्यावर अवलंबून असलेले हुबळी-धारवाडही याच रानाच्या भरवशावर आहेत. टीएमसी वाटून घेणाऱ्या सर्वांनी मुरणाऱ्या जमिनीचाही हिशेब ठेवला पाहिजे.

माझ्या पत्राचा अर्थ कोणी रानातल्या गावांच्या विरोधात लावू नये. आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. त्यांना ओहोळावर साकव आणि चालण्याजोगी वाट मिळालीच पाहिजे. तेवढ्यासाठी जंगलाचे छत्र फाडावे लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. भरपाई वनीकरणाचा प्रस्ताव येईल तेव्हा झाडांच्या संख्येबरोबर तोडीच्या आणि लागवडीच्या, दोन्ही जागांचा सरासरी पाऊस, मातीच्या वरच्या थराची जाडी आणि बारमाही ओहोळांची यादी जाहीर करावी. भरपाईचा पैसा दूरच्या माळावर न घालता, याच रानाला लागून असलेले विरळ पट्टे चराई आणि वणव्यापासून राखण्यावर खर्च करावा. बी शेजारच्या जंगलातून पक्षी आणि वटवाघळे आणतील. आणि आपल्या दैनिकाने अशी बातमी छापताना ‘किती झाडे’ याच्यापुढे ‘कुठली जमीन, किती पाऊस’ हे दोन प्रश्न संबंधितांना विचारून त्यांची उत्तरेही छापावीत, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, जांबोटी (ता. खानापूर, जि. बेळगाव)