त्रेपन्नचे पस्तीस का होतात?

मा. संपादक,

चाचणीच्या पेपरात ५३ च्या जागी ३५ दिसले की 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाला बोलणी बसतात. खरे तर त्याने नीट ऐकलेले असते. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी कानावर पडतात, पन्नास मागून येतात. ऐकले त्या क्रमाने तो लिहितो. एकोणपन्नास आणखी फसवे: ऐकू येतात पन्नास, लिहायचे ४९. सेमी इंग्रजीत शाळेत 'फिफ्टी थ्री' आणि घरी 'त्रेपन्न', म्हणजे क्रम रोज उलटसुलट. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असे वाचन आले, तेव्हा पुण्यात विनोद भरपूर झाले, मूळ अडचणीवर फारसे कोणी बोलले नाही.

अशा वेळी पानभर अंक गिरवून घेऊ नयेत. साठेक आइस्क्रीमच्या काड्या आणि सहा रबरबँड आणा. दहा-दहा मोजून गठ्ठे मुलानेच बांधायचे. आयता गठ्ठा दिला तर तो त्याला 'एक' असेच मोजतो. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. 'त्रेपन्न' म्हटल्यावर आधी पाच गठ्ठे, मग तीन सुट्या, पेन्सिल त्यानंतर. मुलाच्या शेजारी बसा; समोर बसलात तर तुमची डावी बाजू त्याची उजवी होते.

याच काड्या पुढे हातच्याला लागतात. २७ + १५ चे उत्तर ३१२ आले, तर मुलाला बेरीज येत नाही असे नाही: सात-पाच बारा, दोन-एक तीन, दोन्ही बरोबर. बारातल्या दहा बांधून गठ्ठ्यांत सरकवायच्या राहिल्या, एवढेच. ४२ - १७ = ३५ मध्ये त्याने सातातून दोन काढलेले असतात, कारण गठ्ठा सोडता येतो हे त्याने पाहिलेलेच नसते. 'शेजाऱ्याकडून उसना घे' हे आपले ठरलेले वाक्य इथे कामाचे नाही. उसना कोणी परत करत नाही, आणि एक मागितल्यावर दहा कसे मिळाले हेही मुलाला कळत नाही.

काड्या लवकर काढून घेऊ नका. मूल आपणहून गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी ठिपका काढू लागले, की काड्या कपाटात जाऊ द्या.

— एक प्राथमिक शिक्षिका, पुणे