दिल्या, तो लोगन तबलजी आठवतो का?

प्रिय दिल्या,

चार वर्षं झाली. आबा गेल्याचा तुझा मेसेज आला, मी दोन ओळी टाकल्या आणि "रविवारी फोन करतो" म्हणालो. तो रविवार अजून उजाडायचाय. तू काही बोलला नाहीस. तू बोलत नाहीस तेव्हा तुला किती लागलंय, ते मला चौथीपासून कळतं. फोन करायचं तोंड राहिलं नाही, म्हणून कागद घेतलाय. इकडे सगळे ठीक. माझी शुगर गोळ्यांवर आहे, हिचा गुडघा बरा आहे, पोरगी कॉलेजात गेली.

आता जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? हिला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मग त्यात काय झालं?" तिचं बरोबर आहे. तिनं ती कॅसेट ऐकलेली नाही.

गेल्या रविवारी इथं न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कात गेलो होतो. ऑगस्टच्या शेवटी तिथं जॅझमधला थोर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, त्याच्या नावाचा महोत्सव असतो. पार्कर एकेकाळी त्या बागेसमोरच राहायचा, अव्हेन्यू बी वर, १५१ नंबरच्या घरात. गर्दी फार होती म्हणून मी मागच्या बाजूला एका बाकावर टेकलो. जवळच एक पोरगा आल्टो सॅक्सोफोन घेऊन एकटाच घासत बसला होता, स्टेजकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याचं ऐकता ऐकता मला आपला लोगन आठवला, कॅसेटवरचा तो जॅझवाला जुसेप्पी लोगन. लोगन म्हातारपणी याच बागेत वाजवायचा हे मी नुसतं वाचलं होतं. घरी येताना गाडीत फोनवर त्याचे जुने व्हिडिओ शोधले. सापडले. लोकरीची टोपी, मांडीवर आल्टो, मागं काळा लोखंडी कठडा, पायाखाली त्या षटकोनी फरश्या.

दिल्या, मी ते बाक ओळखलं. आणि मग माझ्या हातापायांतली ताकदच गेली.

२००९ साली माझं काम युनियन स्क्वेअरजवळ होतं. दुपारी डबा घेऊन मी त्या बागेत जायचो, आठवड्यातून दोनदा तरी. तिथं एक म्हातारा असायचा. काळा, बारीक, टोपी घातलेला, आल्टो वाजवणारा. मी त्याच्यासमोरून जायचो. एकदा डॉलर टाकला, बाकीच्या वेळी तोही नाही. कारण माझ्या कानात इअरफोन असायचे. आणि त्यात काय वाजत असायचं ते ऐक. फ्रँक राइट या सॅक्सोफोनवाल्याची १९६७ ची तबकडी. त्याच ईएसपी कंपनीची, लोगनला जिनं पहिल्यांदा छापलं. बेचाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा आवाज कानात घालून मी कदाचित त्यांच्यातल्याच एका जिवंत माणसासमोरून जात होतो.

कदाचित. हेच खातंय मला. त्या बागेत वाजवणारे म्हातारे काय कमी आहेत? चेहरा मला आठवत नाही. व्हिडिओ पाहिल्यापासून तर मूळची आठवण कुठली आणि व्हिडिओतली कुठली, हेही वेगळं करता येईना. लोगन तरुणपणी डोकं पार मागं टाकून वाजवायचा, घसा मोकळा राहावा म्हणून. मी पाहिलेला म्हातारा पुढे वाकलेला असायचा. मग तो नसेल. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणाची मान मागं जाते?

तुला हे लिहितोय कारण 'सूर रस्त्यात पडला असला तरी मी उचलीन' असं मी एकदा तुमच्या माडीवर छाती काढून म्हणालो होतो, आणि ते तू विसरला नसशील. तू काहीच विसरत नाहीस. माझ्याकडे तुझे अकरा रुपये आहेत म्हणून तू अजून सांगतोस.

ती कॅसेट आठव. त्र्याण्णवचा पावसाळा. सतारमेकर गल्लीत तानपुरा घ्यायला आलेला तो लांबकेशी अमेरिकन, तुमच्याकडे दोन दिवस जेवला आणि जाताना नव्वद मिनिटांची कॅसेट ठेवून गेला. वर बॉलपेननं लिहिलेलं, 'लोगन, तबला'. तू तासभर मला पटवत होतास की हा पंजाब घराण्याचा कुणी तबलजी असणार आणि स्पेलिंग चुकलंय. मग लावली. तबला होता खरा, पण त्याच्याभोवती पियानोच्या तारा कुणी आतून हातानं खरवडल्यासारख्या, बेसवर गज ओढल्याचा आवाज, आणि त्यावर ती सनई. सनईच ती, तू म्हणालास. शेजारच्या काकू खाली येऊन विचारून गेल्या, मांजर अडकलंय का म्हणून.

आता ते सगळं मला माहीत आहे. 'तबला स्वीट', १९६४ चं ध्वनिमुद्रण. तबला वाजवणारा मिलफर्ड ग्रेव्हज, पियानोवर डॉन पुलन, बेसवर एडी गोमेझ. सगळे विशी-तेविशीतले, लोगन तेवढा एकोणतिशीचा. श्रेयनामावलीत लोगनच्या नावापुढे आल्टो, टेनर, बेस क्लॅरिनेट, बासरी आणि 'पाकिस्तानी ओबो' असं छापलंय. म्हणजे सनईबद्दल तूच बरोबर होतास हे मी आज लेखी देतो. आणि ग्रेव्हजनं पुढच्याच वर्षी वसंत सिंग नावाच्या माणसाकडे रीतसर तबल्याची तालीम घेतली. कॅसेटवरचा तबला त्याच्या आधीचा. म्हणून तबल्याचा जो 'ना' हा बोल तू चुकीचा म्हणत होतास तो चुकीचाच होता. खूश?

पण मला आठवतात ते आबा. ते खाली सनईची पत्ती ओलवत बसले होते. त्यांनी सगळी बाजू ऐकली, मध्ये एक अक्षर नाही. आपण वाट बघतोय, आता शिव्या पडणार. आणि ते म्हणाले, "बेसूर न्हाई रे. ह्यो सुरावर बसतच न्हाई, कडेकडेनं चालतोय." मग पत्ती तोंडातून काढून त्यांनी विचारलं, "पोट भरतंय का ह्याचं ह्याच्यावर?"

आपल्याला हसू आलं होतं. चौघड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न होता, आणि आपण हसलो.

नाही भरलं, आबा. फिलाडेल्फियाचा हा माणूस १९६४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला आला. महिन्याभरात बिल डिक्सन या ट्रंपेटवाल्यानं एक्क्याण्णवाव्या रस्त्यावरच्या एका कॅफेत चार दिवसांचा तो गाजलेला मेळा भरवला. ज्यांना कुणी क्लबात उभं करत नव्हतं ते सगळे तिथं वाजले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना बर्नार्ड स्टोलमन या वकिलानं आपल्या ईएसपी कंपनीत घेतलं. प्रत्येक तबकडीवर छापलेलं असायचं की काय ऐकवायचं ते फक्त कलावंत ठरवेल. ठरवायचं स्वातंत्र्य पुरेपूर होतं, पैसा नव्हता. लोगनच्या मुद्रणाची एक हकीकत स्टोलमननंच सांगून ठेवलीय. ऐन वाजवताना टेप संपली. आता कुठून घ्यायचं, असं विचारल्यावर लोगन म्हणाला, थोडं मागं घ्या, तिथून धरतो. आणि धरलं. सांधा ऐकू येत नाही. 'हे पिसाट वाजवणं आहे, कुणीही वाजवेल' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

१९६५ च्या १ मे ला टाउन हॉलमध्ये सॅक्सोफोनवाला अल्बर्ट आयलर ज्या रात्री वाजला त्याच रात्री हाही वाजला. आयलरचं त्या रात्रीचं वादन एकाच बाजूला छापलेली तबकडी म्हणून निघालं आणि अजरामर झालं. लोगनचं दुसऱ्या तबकडीत गेलं, नाव 'मोअर'. त्यात एक तुकडा तो एकटाच पियानोवर वाजवतो. तो तुकडा मी रात्री दिवे घालवून ऐकतो. पुढे दोन-चार जणांच्या तबकड्यांत साथीला दिसतो आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नाहीसाच होतो. नशा, मनोरुग्णालयं, रस्ता. तीसेक वर्षं तो जिवंत आहे की नाही हेच कुणी सांगू शकत नव्हतं. आपण माडीवर त्याच्या सनईवरून भांडत होतो तेव्हा तो हरवलेलाच होता.

आणि असा तो एकटा नाही. सॅक्सोफोनवाल्या चार्ल्स गेलनं वीसेक वर्षं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर काढली. सनी सिमन्स, तोही सॅक्सोफोनवालाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर वाजवून जगला. हेन्री ग्राइम्स तर बेसवाला, या सगळ्यांच्या मागं उभा राहणारा. तो पस्तीसएक वर्षं गायब होता, लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीत सापडला, जवळ वाद्यसुद्धा नव्हतं. विल्यम पार्कर या दुसऱ्या बेसवाल्यानं आपला एक हिरवा बेस त्याला पाठवून दिला. या गोष्टी वाचताना आपण 'वा, सापडला!' म्हणतो. अरे, तो हरवला तेव्हा शेजारून माणसं जात-येत होतीच की. आता मला वाटतं, त्या जाणाऱ्या-येणाऱ्यांतला एक मी.

लोगन २००८ मध्ये न्यूयॉर्कला परत दिसला. मॅट लव्हेल नावाच्या तरुण ट्रंपेटवाल्यानं त्याला हाताशी धरलं, पुढच्या वर्षी कार्यक्रम केला, आणि २०१० ला त्याची नवी तबकडी आली, पंचेचाळीस वर्षांनी. आणि त्यावरूनच आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. तू म्हणालास, "सूर थरथरतोय, फुंक पुरत नाही. ही दाद नाही, दया आहे. त्याला घरी सुखानं बसू द्या." मी फोन आपटला होता. पुढे सहा महिने अबोला.

परवा ती पुन्हा ऐकली. फुंक पुरत नाही, खरं आहे. 'ओव्हर द रेनबो' हे इथं शाळेतल्या पोरांनाही येणारं गाणं आहे, ते तो अडखळत वाजवतो. पण दिल्या, त्याला घर होतं कुठं सुखानं बसायला? आणि तो थरथरणारा सूर आबांच्या शब्दांत सांगायचा तर तसाच कडेकडेनं चालतो. १९६४ ला चालायचा तसाच. आता फक्त काठी टेकत. तू पुन्हा एकदा ऐक. या वेळी भांडणार नाही, शपथ. भांडलो तर अकरा रुपये देतो.

तो गेला २०२० च्या १७ एप्रिलला. करोना. क्वीन्सच्या पार टोकाला, फार रॉकअवेला. त्याच्या दोन दिवस आधी हेन्री ग्राइम्स गेला, तोही करोनानंच. मी क्वीन्समध्येच, एल्महर्स्टला, खिडकी बंद करून बसलो होतो. रात्रभर ॲम्ब्युलन्स. बातमी कळली तेव्हा तुला फोन लावला होता, आठवतं? तू म्हणालास, "आबांना सांगू?" आणि मी म्हणालो, नको, त्यांना कुठं आठवणार. का म्हणालो असं? त्यांना आठवलं असतं. एका वाक्यात त्याला ओळखलेला माणूस तो. आणि पुढच्या फेब्रुवारीत ग्रेव्हज गेला. तोही इथलाच, साउथ जमैकात त्याचं दगडांच्या तुकड्यांनी मढवलेलं घर, माझ्या घरापासून बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर. हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून त्यातला ताल शोधायचा तो. एकदा जाऊन दारात उभा राहीन म्हणत राहिलो. नाही गेलो.

कुणाकुणाकडे जायचं राहिलं त्याची यादी करायला हे पत्र घेतलं नव्हतं. पण आबांकडे यायचं राहिलं. शेवटची दोन वर्षं त्यांना फुंक लागत नव्हती तरी रोज संध्याकाळी पत्ती भिजवायला घेत, असं तू सांगितलं होतंस. ते तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं. कामातून फोन घेतला होता. आता रोज ऐकू येतं.

तुझं काय? शाळेतून निवृत्त व्हायला आता किती वर्षं? वहिनींचा बीपी? धाकट्याला सनईत गोडी नाही म्हणून डोकं आपटू नकोस, त्याला कीबोर्डवर जे करायचंय ते करू दे. उरुसाला यंदा कोण कोण आलं होतं? मागची भिंत पाडून घेतलीस का?

आणि एक काम कर. आबांच्या ट्रंकेत, चौघड्याच्या जुन्या पावत्यांखाली ती कॅसेट असेल. त्यांनी ती मागून घेतली होती, तुला माहीत आहे का? मी इकडे यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडून मागून घेतली, "ऱ्हाऊ दे माझ्याकडं" म्हणाले. मी तुला कधी बोललो नाही, तू आपली हरवली म्हणून माझ्यावरच चिडत राहिलास. सापडली तर पाठवू नकोस. डिसेंबरात मी येतोय, तिकीट काढलंय. टेप चालतो का तेवढं बघून ठेव.

तुझा,
बंडू