सगळ्यांचा एकच ‘अ‍ॅडमिन’ धोक्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या कितीतरी पतसंस्था, दवाखाने आणि गृहनिर्माण सोसायट्यांची कागदपत्रे आता कपाटात नसतात, कार्यालयातल्या स्टोरेज सर्व्हरवर असतात. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचे. सर्व्हरवर मात्र पुष्कळ ठिकाणी सगळेच ‘अ‍ॅडमिन’ या सर्व हक्क असलेल्या एकाच खात्याने शिरतात आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली असते. कर्जप्रकरणांचा फोल्डर उडाला, तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एवढेच सापडते: ‘अ‍ॅडमिन, दुपारी ४.१२, डिलीट’. हात कोणाचा होता, ते कळायला मार्ग नाही.

म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे. परवानगी मात्र माणसाला न देता गटाला द्यावी: लेखनिक, रोखपाल, व्यवस्थापक. बदली झाली की गट बदलला, काम झाले. लेखापरीक्षकाला फक्त वाचण्याचा हक्क द्यावा आणि खात्याला मुदत घालावी. विंडोज सर्व्हरवर ‘डिनाय’ (मनाई) जपून वापरावे. एकाच फोल्डरवर एका गटाला ‘अलाऊ’ (मुभा) आणि दुसऱ्याला ‘डिनाय’ असेल, तर दोन्ही गटांत असलेल्या कर्मचाऱ्याची वाट अडते. मग ऐन मार्चअखेरीस फाइल उघडत नाही म्हणून घाईघाईत सगळ्यांनाच पूर्ण हक्क दिले जातात.

नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पण पुसू नये. लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर फाइलीची मालकी नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेली असते. खाते पुसल्यावर तोच क्रमांक नव्या माणसाला मिळाला, की जुन्याच्या फाइली आपोआप त्याच्या होतात. चालू सेशनही (आधीच उघडलेली जोडणी) तोडावे, नाहीतर खाते बंद होऊनही उघडा फोल्डर उघडाच राहू शकतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बॅकअपकडे, म्हणजे राखीव प्रतींकडे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, ज्या खात्यातून शिरते, त्या खात्याला जिथे जिथे लिहिता येते तिथल्या फाइली निकामी करते. रोजच्या कामाच्या एकाही खात्याला बॅकअपच्या जागेत लिहिण्याचा हक्क असता कामा नये.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संचालक मंडळांनी दर तीन महिन्यांनी खात्यांची यादी मागवून हजेरीपटाशी ताडून पाहावी आणि पटावर नसलेल्या माणसाचे खाते चालू का, हे बैठकीतच विचारावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे