वसईहून मित्रास पत्र : यंदाचा नाताळ

वसई,
२९ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुला, वहिनींना आणि मुलांना आमच्या घरच्या सगळ्यांकडून नाताळच्या आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पंचवीस तारखेला सकाळी तुझा फोन आला तेव्हा ओटीवर पाहुण्यांची गर्दी होती, धड बोलणं झालं नाही. शिवाय यंदा सांगण्यासारखं इतकं आहे की ते फोनवर आटोपणारं नव्हतं. म्हणून आज दुपारी जेवणं झाल्यावर लिहायला बसलोय.

तू पहिलं विचारलंस ते आईचं, म्हणून तेच आधी सांगतो. जुलैत, ऐन पावसात, मागच्या पडवीत पाय घसरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग अंथरुणावरचे दिवस, मग व्यायाम. डॉक्टरांनी या वयात पुन्हा चालणं कठीण आहे असं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण गणपतीच्या सुमारास ती वॉकर धरून उभी राहिली आणि आता ओटीपर्यंत आपली आपण येते. डोकं लख्ख आहे. कुणाच्या लग्नात किती पानं उठली इथपर्यंत सगळं आठवतं. फक्त लाल लुगडं नेसता येत नाही, दिवसभर गाऊनमध्ये बसावं लागतं, आणि पायाच्या दुखण्याहून तिला त्याचंच जास्त लागतं.

तुला आमचा नाताळ ठाऊक आहे. शाळेत असताना तू आमच्या स्वयंपाकघरात बसून कलकल खाल्लेस, म्हणून तुला वेगळं सांगायला नको की तो सगळा तिच्या हातात होता. करंज्या, कलकल, नानकटाई, दोदोल, सणाच्या दिवशीचे पिठाचे तळलेले फुगे आणि पोर्कचं इंद्याल, सगळं तीच करायची. आम्ही नारळ सोलून द्यायचे, लाकडं फोडायची आणि आयतं खायचं. कुठेही काही लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे या वर्षी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला, पहिल्या रविवारी जांभळी मेणबत्ती लागली, तसा माझ्या बायकोने विषय काढला की यंदा फराळ बाहेरून आणू या. धाकट्या भावाच्या बायकोलाही ते पटलं. दोघींच्या नोकऱ्या आहेत, त्यांचं काही चुकत नव्हतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने माझ्या मुलाला माळ्यावरून तांब्याचं मोठं पातेलं काढायला लावलं आणि कल्हईला पाठवलं. तिथेच विषय मिटला.

दोदोल करायचा शनिवार मला आयुष्यभर आठवेल. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आई पडवीत खुर्चीवर, वॉकर शेजारी. वाडीतले नारळ खोवून आधी दाट दूध बाजूला काढलं, मग पातळ. तांदळाचं पीठ, काळा गूळ, चिमूटभर मीठ. माझी थोरली मुलगी बंगळूरहून सुट्टी काढून मुद्दाम आली होती. ती वही आणि वजनकाटा घेऊन बसली. "आजी, गूळ किती?" "नारळ बघून घालायचा." "म्हणजे किती?" "अगं, दूध चाखून बघ." मग थोरलीने दूध चाखलं, गूळ आधी काट्यावर ठेवून मग पातेल्यात टाकला, आणि आजीने "अजून एक खडा" म्हटलं की तो खडाही वजन करून लिहून घेतला. अशी ती पाककृती तयार झाली.

दोदोल म्हणजे ढवळणं. एकदा पातेलं चुलीवर चढलं की उलथनं थांबवायचं नाही, थांबलं की तळाला लागलं. मी, भाऊ, माझा मुलगा आणि पुतण्या असे आळीपाळीने उभे राहिलो. पहिला तास सोपा जातो. मग मिश्रण घट्ट होत जातं, दंड भरून येतात, धुराने डोळे चुरचुरतात. आईचं तोंड चुलीकडे नव्हतंच, ती पुतणीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. मध्येच म्हणाली, "आच कमी कर, आवाज बदलला." आम्हाला कुणालाच काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. लाकूड मागे ओढलं. थोड्या वेळाने पातेल्याचा काठ सुटू लागला, कडेने खोबऱ्याचं तेल चमकू लागलं आणि अख्खा गोळा उलथन्याबरोबर फिरायला लागला. मग तिला धरून चुलीजवळ आणलं. तिने बोटाने एक कण उचलला, दोन बोटांत दाबून बघितला आणि मान हलवली. भावाने तिथल्या तिथे उलथनं टाकून तिला मिठी मारली. पन्नाशीचा माणूस, पण मला त्यात काही विशेष वाटलं नाही, माझीही अवस्था तीच होती.

कलकल पोरांनी केले. नाताळच्या कलकलांसाठी आईने एक कोरी फणी डब्यात जपून ठेवलेली असते, तीवर पीठाची गोळी दाबून वळायची म्हणजे रेघा उमटतात. पोरं काटे-चमचे घेऊन बसली होती, पण आजीच्या फणीवरचे कलकल जास्त सुबक होतात हे त्यांनाच कळलं आणि मग फणीवरून भांडणं.

वाडीचं सांगतो. वर्ष कठीण गेलं. पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मुंबईत मान्सून पोचला, इतक्या लवकर गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता असं पेपरात होतं. आणि जायचं नाव घेईना. दिवाळी होऊन गेली तरी कोसळत होता. कापलेलं भात शेतात भिजलं, लोंब्यांना मोड आले. आमचं भात थोडकंच, पण ज्यांचं पोट त्यावर त्यांचे चेहरे बघवत नव्हते. सुकेळीलाही उशीर झाला. तुला माहीत आहे, राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात ठेवायची, संध्याकाळी झाकून आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर, असं आठवडाभर चालतं, आणि मध्ये एक सर आली तरी माल जातो. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेला नेहमी घरची सुकेळी जातात, यंदा फार थोडी गेली. डिसेंबरात मात्र छान कोरडं ऊन पडलं. तुझ्यासाठी केळीच्या सुक्या पानात बांधून वेगळी ठेवली आहेत.

शेजारच्या वाडीत आता इमारत उभी राहतेय. विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात मचूळ चव येऊ लागली आहे. २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना जाऊन एक वर्ष झालं. हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले तेव्हा आपण दोघंही तरुण होतो. त्यांनी तेव्हा पाण्याबद्दल आणि झाडांबद्दल जे सांगितलं ते आज आम्ही आमच्याच विहिरीत बघतोय. म्हणूनच माझ्या मुलाचा निर्णय मला मोठा वाटतो. तो दापोलीला कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे, आणि पदवी झाली की वाडीच करणार म्हणतो. नोकरी बघ असं मी त्याला सांगितलं नाही. काळजी वाटते, खोटं कशाला बोलू. पण दिवाळीच्या सुट्टीत त्याने विहिरीभोवती पावसाचं पाणी मुरवायला चर खणले आणि राजेळीची नवी रोपं लावली, ती बघून माझं मन शांत झालं. हे वर्ष मी त्या रोपांवरून लक्षात ठेवणार आहे.

नाताळचा गोठाही यंदा माझ्या मुलानेच केला, पुतण्यांना हाताशी घेऊन. नाचणी पंधरा दिवस आधी पेरली होती, ती हिरवीगार उगवली. डोंगर, गुहा वगैरे काही नाही. आपली वाडी, पन्हळ, विहिरीवर रहाट, केळीच्या सोपाचं छप्पर, आणि त्या छपराखाली पेंढ्यावर बाळ येशू. मेंढपाळांच्या शेजारी एक लाल लुगड्यातली बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उभी. ती बाई बघून आई बराच वेळ काही बोललीच नाही. पूर्वी ती अशीच पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची, हे पोरांनी फक्त ऐकलेलं. कुणी सांगितलं नसताना त्यांनी ते गोठ्यात आणलं.

आता चोवीसच्या रात्रीचं. मिस्सा चर्चच्या पटांगणात होती. थंडी, दव, खुर्च्या ओल्या. आईला न्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी तीच म्हणाली, "मी जन्मल्यापासून एक नाताळ चुकवला नाही, हाही चुकवणार नाही." दोन्ही सुनांनी तिला खुर्चीत बसवून, उठवून, धरून लाल लुगडं नेसवलं. अर्धा तास लागला. कानात कुड्या, गळ्यात पोत, केसांत आमच्या वाडीतला कागडा. व्हीलचेअर शेजाऱ्यांकडून आणली होती. पटांगणात शिरलो आणि माणसं आपोआप बाजूला होत गेली, कुणी हात लावून नमस्कार करत होतं, कुणी "मावशी आली" म्हणत होतं. ग्लोरिया सुरू झालं, घंटा वाजल्या, बाळ येशूवरचं वस्त्र काढलं, आणि मी आईकडे बघितलं तर ती गात होती. आवाज कापरा, पण शब्द एकही चुकला नाही. मिस्सा संपल्यावर बाळ येशूचं चुंबन घ्यायला रांग लागते. तिला रांगेत कसं उभं करणार या विचारात आम्ही होतो, तेवढ्यात फादर स्वतः मूर्ती घेऊन पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले. मित्रा, त्या क्षणी मी देवाचे जेवढे आभार मानले तेवढे या वर्षात कधी मानले नव्हते.

चर्चच्या दृष्टीनेही हे वर्ष मोठं होतं. जुबिली, म्हणजे चर्चचं पवित्र वर्ष, आशेचं वर्ष. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हा सणाचे पाहुणे अजून घरात होते. सगळे एकदम गप्प झाले आणि आईने जपमाळ काढली. ८ मेला पोप लिओ निवडले गेले. काल, पवित्र कुटुंबाच्या सणाला, धर्मप्रांतांतून जुबिलीची सांगता झाली. आशा ठेवा असं वर्षभर प्रवचनातून ऐकत होतो, आणि घरी आईची पावलं मोजत होतो. माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ वॉकरच्या आवाजात होता.

पंचवीसला फराळाची ताटं गावभर गेली. आगाशीला तुझ्या काकूंकडे मी स्वतः गेलो. दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या आणि अनारसे आले होते. ताट त्यांनी रिकामं परत दिलं नाही, त्यात तिळाचे लाडू घातले आणि तुझी चौकशी केली. दोदोल तोंडात टाकून म्हणाल्या, "हा तर तिच्याच हातचा." मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली आणि भावाकडे बोट दाखवलं.

परवा रात्री पोरं सरत्या वर्षाचा म्हातारा जाळणार आहेत. पेंढा भरून झाला आहे, माझा जुना शर्ट मागून नेला.

आता मुद्द्याचं. ४ जानेवारीच्या रविवारी तीन राजांचा सण आहे. गोठा तोवर मांडलेला असतो, थोरलीची सुट्टीही तोवर आहे. तू सगळ्यांना घेऊन ये. बोरिवलीला बहिणीकडे उतरणार असशील तर ट्रेनच्या किंवा घोडबंदरच्या भानगडीत पडू नकोस, भाईंदरहून गाडी रो-रो बोटीत घाल. २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू झाली आहे, आणि खाडीतून वसईच्या किल्ल्याची तटबंदी बघत येताना तुझ्या पोरांना मजा येईल. मी जेट्टीवर घ्यायला येतो. आई रोज विचारते, तो कधी येतोय, आणि इंद्यालसाठी मसाला कुटून ठेवायला लावलाय. तुम्ही पोर्क खात नाही हे तिच्या लक्षात आहे, तुमच्यासाठी कोंबडीचं करणार म्हणते. पुढच्या नाताळला बघू असं म्हणू नकोस. ती आता हसते, बोलते, शिकवते आहे, तिच्या हाताखाली बसून दोन कलकल तूही वळ.

येताना काही आणू नकोस. फक्त आपला दहावीच्या वर्गाचा फोटो तुझ्याकडे आहे तो आण, माझा पावसात भिजून गेला. शनिवारी दुपारपर्यंत किती जण येताय ते कळव, म्हणजे फुग्यांचं पीठ त्या हिशेबाने भिजवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वसईचा मित्र

ता. क. : थोरलीने दोदोलची कृती वहीतून उतरवून दिली आहे, सोबत जोडतो. वहिनींना सांग, गुळापुढे तिने आजीचे शब्द तसेच ठेवले आहेत : "दूध चाखून बघ."